गाणे देवाचे, मजुरी माणसाची

गेल्या उपवासकाळातील एका सायंकाळची गोष्ट. पवित्र आठवड्याची गीते बसविण्यासाठी आमच्या धर्मग्रामाचा गायनवृंद देवळात जमला होता. त्यांतील एका तरुणाने खिशातून मोबाइल काढला आणि क्रूसभक्तीचे एक गीत आम्हांस ऐकविले. चाल साधी, शब्द जुन्या वळणाचे, ऐकताक्षणीच मनात रुजावे असे. 'हे कोणाचे रे?' म्हणून आम्ही विचारले. 'व्हॉट्सॲपवर आलंय की, फादर,' तो म्हणाला. एका मुलीने तत्परतेने इंटरनेटवर शोध घेतला आणि कवी व संगीतकार या दोन्ही नावांपुढे लिहिलेला एकच शब्द वाचून दाखविला : 'पारंपरिक'.

आम्ही काही क्षण बोललो नाही. ते गीत पारंपरिक नव्हते. ते रचणाऱ्या मास्तरांच्या पेटीशेजारी चटईवर बसून आम्ही ते शिकलो होतो. सेमिनरीत असताना सुटीत ज्या मिशन केंद्रावर आमची पाठवणी होई, तेथे ते धर्मशिक्षक होते. दिवसा मुलांना शिकवीत, सायंकाळी वाड्यावस्त्यांवर प्रार्थना घेत आणि रात्री, वीज नसली तर कंदिलाच्या उजेडात, एका लांबट वहीत गीते लिहीत. त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा आम्हीच अर्पण केली. त्याला अजून पंधरा वर्षेही झालेली नाहीत. एवढ्या अवधीत एक हाडामांसाचा माणूस 'परंपरा' होऊन गेला! परंपरा हा शब्द आमच्या धर्मात फार मोठा आहे. परंतु येथे त्याचा अर्थ एवढाच, की या गीताला आता कोणी धनी उरलेला नाही. ज्याला हवे त्याने उचलावे.

संगीताची फुकट देवघेव आणि स्वामित्वहक्क यांविषयी गेली पंचवीस वर्षे जगभर वाद चालू आहे. 1999 साली अमेरिकेत 'नॅप्स्टर' नावाची सोय निघाली आणि घरबसल्या एकमेकांच्या संगणकांतील गाणी लोक उतरवून घेऊ लागले. 2001 साली न्यायालयाच्या आदेशांमुळे ती बंद पडली, तरी सवय काही बंद पडली नाही. आमच्या कोल्हापुरात हे लोण वेगळ्या वाटेने आले. आधी पसंतीची गाणी कॅसेटमध्ये भरून देणारी दुकाने होती, मग सीडी आल्या, मग मोबाइलच्या दुकानात काही रुपयांत 'चिप' भरून देणारी पोरे आली. आता तेवढेही कष्ट नकोत. एक बोट दाबले, की एकाच वेळी दोनशे घरांत गाणे पोहोचते. हा वाद चित्रपटवाल्यांचा आहे, श्रीमंतांचा आहे, देवळाच्या पायऱ्यांशी तो थांबतो, अशी आमच्या भाविकांची समजूत आहे. ती समजूत खोटी आहे हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

देवाच्या गाण्याला कसले पैसे?

हा विषय काढला, की तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले : 'फादर, देवाच्या गाण्याला कसले पैसे?' दुसरे : 'आम्ही नक्कल केली; मूळ गाणे ज्याचे त्याच्याकडेच आहे, मग चोरी कोणती?' आणि तिसरे : 'कंपन्या काय कमी लुटतात?' तिन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. म्हणूनच ती धोक्याची आहेत.

पहिले उत्तर घेऊ. देवळातील मेणबत्ती देवापुढेच जळते. म्हणून मेणबत्तीवाल्याचे बिल आम्ही बुडवितो काय? नाताळच्या मध्यरात्री मंडप घालणारा, स्पीकर लावणारा, रोषणाई करणारा, या सर्वांची मजुरी आम्ही चोख देतो, आणि द्यावयासच हवी. मिस्सेसाठी लागणारा द्राक्षारससुद्धा विकतच आणावा लागतो. मग ज्याच्या शब्दांनी आमच्या ओठांवर प्रार्थना येते, त्या एकट्याच माणसाने हवेवर जगावे, अशी आमची अपेक्षा कोठून आली? कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हे प्रभू येशूने शिष्यांना पाठविताना सांगितले आहे. आणि अडवून ठेवलेली मजुरी परमेश्वराच्या कानापर्यंत आक्रोश करीत जाते, असे संत याकोबाने श्रीमंतांना बजावले आहे. शेतमजुराची मजुरी आणि गीतकाराची मजुरी असा भेद या दोहोंतही नाही.

यावर कोणी म्हणेल, 'मास्तरांनी तर सेवा म्हणूनच गीते लिहिली. त्यांनी कधी पैसे मागितले नाहीत.' खरे आहे. परंतु येथे एक जुना वाद आठवतो. 1960च्या दशकात लता मंगेशकर आणि महंमद रफी या दोन थोर गायकांत स्वामित्वधनावरून मतभेद झाला. गाण्याच्या विक्रीतून गायकालाही वाटा मिळावा, असे लताबाईंचे म्हणणे. एकदा मानधन घेतले, की आपला संबंध संपला, असे रफीसाहेबांचे. दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबविले. लताबाईंचे हे म्हणणे अनेकांना लोभाचे वाटले. परंतु वडिलांच्या मृत्यूनंतर याच कोल्हापुरात सिनेमात लहानसहान कामे करून भावंडांना पोसण्याचे दिवस त्यांनी बालवयात काढले होते. घामाचा दाम काय असतो हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. रफीसाहेबांचे औदार्य मोठेच. पण ते स्वतःच्या वाट्याविषयीचे औदार्य होते. उदारपणा स्वतःच्या खिशातून करावयाचा असतो. मास्तरांनी आपले गीत देवाला दिले, हे त्यांचे दान. ते दान आपल्याच हाताने आपण आपल्या पदरात ओढून घेतले, तर त्याला सेवा म्हणता येणार नाही. आणि मास्तरांनी पैसे मागितले नसतील. आपले नाव पुसून टाका, असेही त्यांनी कधी सांगितले नव्हते.

नक्कल पाप आहे काय?

दुसरे उत्तर अधिक विचार करावयास लावणारे आहे. भाकरी एकाने खाल्ली, की दुसऱ्याला उरत नाही. गाणे मात्र दहांनी घेतले तरी तेवढेच राहते. मग नक्कल करण्यात पाप ते कोणते?

नुसत्या नकलेत पाप नाही, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. मराठी ख्रिस्ती माणसाने तर नकलेचे ऋण कधी विसरू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. पुढे 1649 व 1654 मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कोठे असल्याचे ठाऊक नाही. तरीही 'क्रिस्तपुराण' आपणांस मिळाले. भाविकांनी ते हाताने उतरवून घेतले, घराघरांत गायिले, आणि त्या हस्तलिखितांच्या आधारे 1907 साली मंगळुरास ते पुन्हा छापले गेले. कोणा अज्ञात लेखनिकाने नक्कल केली नसती, तर आपल्या साहित्याचा तो आद्य ठेवा मातीत गेला असता.

याच्या उलट उदाहरण आमच्या गावचे. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब 1895च्या सुमारास कोल्हापूर दरबारात आले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे जयपूर-अत्रौली घराण्याचे वैभव उभे राहिले. 1946 साली ते निवर्तले. ध्वनिमुद्रणाची कला तोवर जुनी झाली होती. परंतु खाँसाहेबांच्या गाण्याचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. ते गाणे शिष्यांच्या गळ्यांतून जेवढे उतरले तेवढेच उरले. तेव्हा सर्व काही कुलुपात ठेवा, असे सांगणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. उतरवून घेणारे हात नसते, तर पुष्कळसे चांगले जगातून नाहीसे झाले असते.

परंतु 'क्रिस्तपुराण' उतरविणारा लेखनिक आणि एक बोट दाबून गाणे पुढे ढकलणारा आपला भाऊ यांत फरक आहे. त्या लेखनिकाने महिनोन्महिने आपले श्रम ओतले. ग्रंथकर्त्याचे नाव त्या ग्रंथापासून तुटू दिले नाही. आणि त्याच्या नकलेवर तिसरा कोणी पैसे कमवीत नव्हता. आज या तिन्ही गोष्टी उलट्या झाल्या आहेत. श्रम नाहीत, नाव नाही आणि 'फुकट' म्हणून जे ऐकतो ते फुकटही नाही. गाण्याच्या आधी साबणाची जाहिरात लागते, ती कोणाच्या खिशासाठी? मास्तरांचे गीत ज्या कोणी 'पारंपरिक' म्हणून चढविले, त्याला त्यातून चार पैसे मिळत असतील. ज्या परदेशी कंपनीच्या जागेवर ते वाजते, तिला तर नक्कीच मिळतात. मिळत नाहीत ते फक्त मास्तरांच्या घरी.

अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या सूरश्री केसरबाई केरकर गोव्याच्या. बालपणी काही महिने त्या कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. त्यांनी गायिलेली भैरवी 1977 साली 'व्हॉयेजर' यानांवरील सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. आजही ती सूर्यमालेच्या पलीकडे चालली आहे. त्या तबकडीच्या गीतांच्या यादीत केसरबाईंचे नाव आहे. ताऱ्यांकडे पाठविलेल्या गाण्याच्या गायिकेचे नाव माणसांनी जपून नोंदविले. आणि आमच्या एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाणाऱ्या गाण्याला मात्र नाव लिहावयास आम्हांला वेळ नाही!

कंपन्यांचे काय?

आता तिसरे उत्तर. कंपन्या लुटतात, यात खोटे नाही. किंबहुना या प्रकरणी त्यांनी धर्मोपदेशकाचा आव आणावा, याचे आम्हांस हसू येते.

एका गाण्यात तीन हक्क गुंतलेले असतात : शब्द कवीचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण ज्याने पैसे घालून केले त्याचे. यांपैकी पहिले दोन आपल्या देशात फार काळ कागदावरच होते. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निर्मात्याकडून मोबदला घेऊन चित्रपटासाठी गीत किंवा संगीत केले, आणि वेगळा करार नसला, तर त्याचा पहिला मालक निर्माता. पुढील पस्तीस वर्षे गीतकारांनी एकरकमी पैसे घ्यावेत आणि गाणे गाजले तर टाळ्यांवर समाधान मानावे, अशीच रीत राहिली. ती मोडली 2012 साली. राज्यसभेचे सदस्य असलेले कवी जावेद अख्तर यांनी तो प्रश्न धसास लावला, संसदेने कायदा दुरुस्त केला, आणि गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील समान वाटा त्यांना कोणत्याही करारान्वये सोडून देता येणार नाही, असे ठरले. आमच्या जिल्ह्याचे कवी जगदीश खेबुडकर यांनी 1960पासून मराठी चित्रपटांना शेकडो गीते दिली. ते शिक्षक होते. 2011च्या मे महिन्यात ते गेले. कायदा त्यानंतर वर्षभराने आला. न्याय पुष्कळदा असा अंत्ययात्रेनंतर पोहोचतो.

आमचाही एक अनुभव सांगतो. 2020च्या नाताळात महामारीच्या निर्बंधांमुळे अनेक कुटुंबांना देवळात येता येत नव्हते, म्हणून आम्ही मध्यरात्रीची मिस्सा इंटरनेटवरून दाखविली. आमच्या मुलांनी 'सायलेंट नाइट'च्या चालीवर आपणच केलेले मराठी शब्द गायिले. ती चाल फ्रांट्स ग्रूबर यांची; ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी 24 डिसेंबर 1818 रोजी ती प्रथम गायिली गेली, आणि ग्रूबर 1863 साली निवर्तले. तिच्यावर आता कोणाचाही हक्क नाही. तरीही दुसऱ्या दिवशी एका कंपनीच्या नावे सूचना आली, की हे संगीत आमच्या मालकीचे आहे. आणि त्या भागाचा आवाज बंद झाला. पेटीवरची, आमच्याच मुलांनी वाजविलेली चाल! यंत्राने ओळखली आणि यंत्राने निकाल दिला. तक्रार केली, तिला उत्तर आले नाही. अंथरुणाला खिळलेली एक आजी आम्हांला म्हणाली, 'फादर, गाणी आली तेव्हाच टीव्ही मुका झाला.' जी वस्तू सर्वांची आहे तिच्यावर एकाने मालकी सांगणे, हीदेखील चोरीच. आणि सातवी आज्ञा कंपन्यांनाही लागू आहे.

मर्यादा कायद्यानेच घातली आहे. कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याची कृती सर्वांची होते. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. गुरुदेव रवींद्रनाथांच्या कृतींवरील हक्क संपत आला, तेव्हा 1992 साली ती वाढविली गेली. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 साली प्रभूकडे गेले. त्यांची भजने आज प्रत्येकाने मोकळेपणी छापावीत, गावीत. तेथे कोणी कुंपण घालू लागला तर त्याला अडवावे. ध्वनिमुद्रणाचा हक्कही प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे 1960 साली निघालेली तबकडी 2020 संपताच मुक्त झाली, जरी तिच्यातील शब्द व चाल यांचे हक्क त्या त्या माणसाच्या मृत्यूपासून वेगळे मोजावे लागतात.

परंतु 'कंपनी लुटते म्हणून मी लुटतो' या तर्काचे काय? 2012पासून कंपनीच्या गल्ल्यात पडणाऱ्या रुपयात कवीचाही वाटा आहे. तो रुपया आपण पडूच दिला नाही, तर कंपनी दुसरीकडून भरून काढील. मरेल तो कवी. दरोडेखोराच्या घरी आपण चोरी केली, आणि चोरीला गेलेले भांडे शेजारच्या विधवेचे निघाले, अशातला हा प्रकार आहे.

देवळाच्या आत आणि देवळाच्या बाहेर

'कायद्याने आम्हांला सूट आहे,' असेही काहीजण सांगतात. कायदा काय म्हणतो ते नीट पाहावे. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52मध्ये एक तरतूद आहे, की खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गीत सादर केले किंवा ध्वनिमुद्रण ऐकविले, तर हक्कभंग होत नाही. लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभही त्यात येतात. ही सवलत योग्यच आहे. वेदीपुढे गाताना कोणी पावती मागू नये. परंतु ही सवलत गाण्यासाठी आहे. तिच्यात गीतपुस्तकाच्या शंभर झेरॉक्स काढण्याचा उल्लेख नाही. विकत घेतलेली एक सीडी दोनशे मोबाइलांत भरण्याचा नाही.

या सवलतीचे टोक किती ताणता येते, ते गोव्यात दिसले. केंद्र सरकारने 24 जुलै 2023 रोजी सूचना काढून लग्नसमारंभांत स्वामित्वधन मागू नये असे बजावले. त्याच्या आधारे गोवा सरकारने 30 जानेवारी 2024 रोजी परिपत्रक काढले. संगीत कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि 13 ऑगस्ट 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. कायद्याने दिलेल्या सवलतीचा अर्थ सरकारला परिपत्रक काढून वाढविता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. आमच्या पुष्कळ बांधवांना हा निकाल लग्नघरावरचा जिझिया कर वाटला. आम्ही त्यांना एवढेच विचारतो, की विवाहसंस्कार देवळात आटोपल्यावर हॉटेलच्या हिरवळीवर मध्यरात्रीपर्यंत जो डीजे वाजतो, त्याचे पैसे, जेवणाचे पैसे, फुलांचे पैसे आपण बिनतक्रार मोजतो ना? मग ज्या गाण्यावर पाहुणे नाचतात, त्याच्या कर्त्याचा पैसा तेवढा धर्माच्या नावावर का वाचवावा? गरिबाच्या अंगणातील लग्नाला सूट असावी, याबद्दल आमचे दुमत नाही. हॉटेलातील हिरवळीने मात्र धार्मिक विधीचा झगा पांघरू नये.

आणि ख्रिस्तसभेच्या हातूनही हा अपराध घडतो, याचा दाखला शिकागोचा आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली, आणि जगभर नव्या गीतांचा बहर आला. आपल्या मराठीतही आला. अमेरिकेतील धर्मग्रामांनी ही नवी गीते भराभर यंत्रावर उतरवून घरगुती गीतपुस्तके केली. 1976 साली एका कॅथोलिक गीतप्रकाशकाने शिकागो महाधर्मप्रांतावर दावा लावला. 1984 साली ज्यूरीने तीस लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरविली. अपिलात त्यातील मोठा भाग टिकला नाही, हे खरे. पण भाविकांच्या गीतपुस्तकाचा निवाडा कोर्टात व्हावा, याहून लाजिरवाणे काय? संत पौलाने करिंथकरांना याच गोष्टीबद्दल फटकारले होते.

आमचा कबुलीजबाब

येथवर वाचकांना चार शब्द सुनावले. आता स्वतःविषयी बोललेच पाहिजे, कारण तेवढे टाळले तर बाकी सर्व ढोंग ठरेल.

मास्तरांचे ते गीत वाऱ्यावर सोडणारे पहिले हात आमचेच होते. नव्वदच्या दशकात एका संस्थेने त्यांच्या गीतांची कॅसेट काढली. त्यांना एकदाच पाचशे रुपये दिले. कॅसेटच्या वेष्टनावर संस्थेचे नाव होते, गायनवृंदाचे होते, आशीर्वाद देणाऱ्यांचे होते; कवीचे नव्हते. आम्ही तेव्हा तरुण धर्मगुरू होतो. ही चूक आमच्या ध्यानात आली होती. आम्ही बोललो नाही. वरिष्ठांना काय वाटेल, या भीतीने बोललो नाही. पुढे स्वतःच्या धर्मग्रामासाठी आम्ही गीतपुस्तिका चक्रमुद्रित केली, तिच्यातही त्यांची अकरा गीते घेतली, आणि जागा वाचविण्यासाठी नावे गाळली. ती पुस्तिका पाहून दुसऱ्यांनी आपल्या पुस्तिका केल्या. शेवटी कोणीतरी त्या इंटरनेटवर चढविल्या. तेथे नावाची जागा रिकामी होती, ती 'पारंपरिक' या शब्दाने भरली. त्या मुलीने मोबाइलवर वाचून दाखविलेला शब्द अशा रीतीने आम्हीच लिहिला होता.

मास्तरांचे शेवटचे आजारपण लांबले. औषधांसाठी त्यांच्या पत्नीने देवळातून उसने पैसे नेले, आणि पुढे भाजी विकून ते फेडले. त्या पतीच्या गीतांनी त्या वर्षीही आमच्या देवळात पवित्र शुक्रवार साजरा झाला. उसने देणारे आम्ही होतो, की देणेकरी आम्ही होतो?

संत जॉन पॉल दुसरे यांनी 1991 सालच्या 'सेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रात म्हटले आहे, की ज्ञान, तंत्र आणि कौशल्य ही आपल्या काळातील जमिनीइतकीच महत्त्वाची मालमत्ता आहे. त्याच परिपत्रात त्यांनी पृथ्वीवरील संपत्ती सर्वांसाठी आहे, हेही तितक्याच ठामपणे सांगितले. या दोन्ही गोष्टी एकत्र धरणे हीच ख्रिस्ती शिकवण. गाणे सर्वांपर्यंत जावे; आणि ज्याने ते केले त्याचे नाव व त्याची भाकरीही त्याच्यापर्यंत जावी.

प्रायश्चित्तावाचून पापनिवेदन पुरे होत नाही, आणि चोरीच्या पापात घेतलेले परत करणे हा प्रायश्चित्ताचाच भाग आहे. म्हणून आमच्या धर्मग्रामात आम्ही पुढील गोष्टी ठरविल्या आहेत. येत्या आगमनकाळापासून देवळातील गीतपुस्तिकेत प्रत्येक गीताखाली कवीचे व चाल देणाऱ्याचे नाव छापले जाईल. नाव ठाऊक नसेल तेथे 'नाव शोधत आहोत' असे लिहू, 'पारंपरिक' असे लिहिणार नाही. हयात कवींची लेखी परवानगी घेऊ. गायनवृंदाच्या समूहावर दुसऱ्याचे विकत मिळणारे ध्वनिमुद्रण पुढे पाठविले जाणार नाही. आणि वर्षातून एका रविवारचे दान गीतकार व वादकांच्या कुटुंबांसाठी वेगळे ठेवले जाईल. पहिल्या वर्षीचे दान कोणत्या घरी जाईल, हे वाचकांना सांगावयास नको. ते दान म्हणून द्यावयाचे नाही; थकलेले देणे म्हणून, बाईंना पावती मागून द्यावयाचे आहे.

काहीजण म्हणतील, एका देवळाने असे केल्याने जगातील चोरी थांबणार आहे काय? नाही. पण सातवी आज्ञा जगाला उद्देशून सांगितलेली नाही. 'तू' म्हणून सांगितलेली आहे.

वाचकांस एक विनंती. आपल्या घरी, आजोबांच्या पेटीत, आत्याच्या कपाटात गीतांच्या जुन्या वह्या असतील. शाईने लिहिलेल्या, कोपरे दुमडलेल्या. त्या रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. पानाच्या तळाशी एखादे नाव, एखादी तारीख, एखाद्या गावाचा उल्लेख सापडेल. तो उतरवून घ्या आणि आपल्या धर्मगुरूंकडे द्या. या एका नकलेसाठी कोणाचीही परवानगी लागत नाही.